चार सुपाऱ्या जास्तीच्या

पेला एवढासा होता. त्यात पाण्यासारखं पाणी, ना रंग, ना वास. मुंबईच्या त्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, "बाई, एका दमात प्या," आणि स्वतः शिशाच्या विटांच्या भिंतीआड जाऊन उभा राहिला. मी पेला हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. एवढं चांगलं औषध आहे तर तू का रे बाबा लपतोस, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण गिळलं, आणि पाणीही गिळलं.

ही एकोणीसशे पासष्टची दिवाळीनंतरची गोष्ट. त्याआधी दोन वर्षं माझा गळा सुजत चालला होता. डोळे बाहेर आलेले, हात थरथरणारे, छाती सदा धडधडणारी. तापट मी जन्मजातच, पण त्या दोन वर्षांत मी माशी बसली म्हणून भिंतीवर ओरडायची. मालवणात कुणी म्हणे वारं लागलं, कुणी म्हणे नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय. नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, म्हणजे माझं डोकं बरंच सावकाश फिरलं म्हणायचं. शेवटी मुंबईच्या भावानं बोटीनं नेलं आणि गळ्यातली थायरॉइडची गाठ वाजवीपेक्षा जास्त काम करते आहे असं निघालं. तिला आयोडीन लागतं. तेच तिला द्यायचं, पण किरण सोडणारं. गाठ ते हावरटासारखं ओढून घेते आणि आतल्या आत जळून लहान होते, असं डॉक्टरनं समजावलं.

निघताना त्यानं बजावलं, "पंधरा दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. ताटवाटी, अंथरूण वेगळं ठेवा. नंतर काही नाही."

माझी एकुलती एक मुलगी जानकी धामापूरला दिलेली. जावई मुंबईला नोकरीला, ती सासूजवळ. तिला तेव्हा तिसरा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमच्याकडची रीत. सातव्यात मुलीला आणायची आणि बाळ चार महिन्यांचं करून परत पाठवायची. नवरा गेला, मग जानकी सासरी गेली, आणि माझं घर गप्प झालं होतं. त्यात एक पाळणा हलणार, एवढ्या एका गोष्टीवर मी बोटीत बसून परत आले.

पंधरा दिवस मी पाळले. पण पाळले कसे? मला दूर बसायची एकच पद्धत ठाऊक होती, इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते तीच. पडवीत गोणपाट अंथरलं, थाळी वेगळी केली, कुणी पाणी घालील तर वरून घालायला सांगितलं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. सोळाव्या दिवशी डोक्यावरून न्हाले, पडवी शेणानं सारवली आणि चूल पेटवली. माझ्यापुरतं ते संपलं.

माझ्यापुरतंच. शेजारपाजार हे सगळं बघत होता. त्यांच्या दृष्टीनं यशोदा, म्हणजे मी, मुंबईहून एक नव्या तऱ्हेचा विटाळ घेऊन आली होती. त्यात आदल्या वर्षी चीननं अणुबाँब उडवलेला, पेपर वाचणाऱ्यांनी अणू हा शब्द गावभर केलेला. अणूचं पाणी प्यायलेली बाई! पण विटाळ असो की सुतक असो, त्याचा दिवस ठरलेला असतो. तो दिवस कुठला, एवढंच त्यांना हवं होतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं सत्यवानाला.

सत्यवान माझा चुलत दीर. अंगणाच्या गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाच्या पल्याडच राहायचा, हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. माणूस सोन्यासारखा, पण खरं बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं अशी त्याची समजूत. विहिरीवर शेजारच्या सीतेनं त्याला गाठलं. मी रहाटाच्या या बाजूलाच होते.

"मास्तरांनु, वयनीचा आता फिटला मां?"

झालं. शिकवायला लागला की सत्यवानाची मालवणी गळून पडायची. तो म्हणाला, "तसं पूर्ण कधीच फिटत नाही. आठ दिवसांत निम्मं होतं. पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. मग त्याच्याही निम्मं. कमी कमी होत जातं, पण हिशोबानं बघाल तर शून्य असं कधी येत नाही."

सीतेनं भरलेली कळशी तिथंच ओतली, पुन्हा नवी भरली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

त्या दिवसापासून मी काढलेल्या पाण्यानंतर पहिली कळशी ओतून द्यायची, हा विहिरीवरचा नियम झाला. मासळीवाली बाई बांगडे पानावर ठेवून चार पावलं मागं सरायची, मी उचलले की पैसे दगडावर ठेवायचे. कुणी वाईट बोलत नव्हतं हो. बोलले असते तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार गेले नव्हते. सगळे गोडच बोलत, पण लांबून. संक्रांतीला तिळगूळ आला तो केळीच्या पानात, जांभ्या दगडाच्या पायरीवर ठेवलेला. कुणी ठेवला तेही कळलं नाही. मी तो घेऊन आत आले आणि उभ्या उभ्या रडले. आधी राग येईल असं वाटलं होतं, पण गळ्याची गाठ लहान झाली तसा रागही निम्मा झाला होता. उरलं होतं ते नुसतं रडू.

एक बोका तेवढा येऊन पायावर झोपायचा. त्याला विज्ञान कळत नव्हतं.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी जानकी आली. सोबत तिची सासू हौसाबाई. हौसाबाई म्हणजे धामापूरचं भक्कम प्रस्थ. भातशेती, काजूची बाग, तीन गडी सगळं एकटीनं सांभाळणारी. दोघी गडग्याबाहेर उभ्या राहिल्या. मी धावत अंगणात गेले आणि मध्येच थांबले, कारण हौसाबाईनं हात आडवा केला होता.

"थयसरच रव, यशोदे. चेडू पोटुशी आसा."

"हौसाबाय, माजे पंधरा दिस कधीच झाले. आता काय्येक नाय."

"मास्तर सांगता ता कधी संपणाच नाय म्हणान. सुतकाक धा दिस आसतत, सोयराक धा दिस आसतत. जेका दिसच नाय, ता फिटतला कसा?"

जानकीनं गडग्यावरून हात पुढं केला. पाच बोटं, हिरव्या बांगड्या. मी हात वर नेला, तेवढ्यात हौसाबाईनं तिचा दंड धरून मागं ओढलं. जोरात नाही, जपूनच ओढलं, पोटुशीला ओढावं तसं. मला हौसाबाईचा राग करता आला नाही, हेच जास्त लागलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"बाळतपण आमच्याच घरात करूया," ती जाताना म्हणाली. "तू मनाक लावन घेव नको."

जानकी वळून वळून बघत गेली. पुढं धामापूरहून बाजाराला येणाऱ्या एका बाईच्या तोंडी तिचा निरोप आला. "आवशीक सांग, माका थंयच येवचा आसा." आईकडेच यायचंय, एवढाच. सासूपुढं बोलायची तिची टाप नव्हती.

मी सत्यवानाला गडग्यापाशी बोलावून धारेवर धरलं. "भावजी, तुमच्या तोंडाक कुलूप घालूक काय झाला होता? पंधरा दिस, इतक्या सांगून गप रवाक येणा नाय?"

त्याचं तोंड उतरलं. "वयनी, खोटा कसा सांगू?"

"मग खरा काय ता माका तरी सांगा. माज्या गळ्यात काय आसा, ता माका कळाक नको?"

तो घरात जाऊन सूप घेऊन आला. सुपात काजूच्या बिया आणि सुपाऱ्या. आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो गडगा ओलांडून माझ्या पायरीवर येऊन बसला. खरं सांगणाऱ्याला खरं ठाऊकही होतं. पण तो दीर, मी विधवा भावजय. बसला ते हातभर अंतर राखून, आणि ते अंतर अणूच्याही आधीपासूनचं होतं.

त्यानं मूठभर बिया आणि मूठभर सुपाऱ्या एकत्र करून सुपाच्या मध्यावर ढीग केला. म्हणाला, "हा अणूचा गाभा. बिया म्हणजे प्रोटॉन, सुपाऱ्या म्हणजे न्यूट्रॉन. पदार्थ कुठला, हे बिया ठरवतात. त्रेपन्न बिया असल्या की ते आयोडीन. बावन्न झाल्या तर आयोडीन नाही, चोपन्न झाल्या तरी नाही. कळलं?"

"आणि सुपाऱ्यो?"

"सुपाऱ्या कमीजास्त असू शकतात. त्यानं नाव बदलत नाही, वजन बदलतं. आणि स्वभाव. समुद्रात, मासळीत, शेवाळात जे आयोडीन असतं त्यात सुपाऱ्या चौऱ्याहत्तर. ते हजारो वर्षं गप्प बसतं. तुम्हाला पाजलं त्यात अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे चार जास्ती. बस?"

"बस. पण त्या चारांमुळे गाभ्याला चैन पडत नाही. कधी ना कधी तो फुटून किरण टाकतो. त्याच किरणांनी तुमची गाठ जाळली."

मी ढिगाकडे बघत बसले. "आणि गळ्याक कळणा नाय? ह्या साधा, ह्या चार जास्तीचा?"

"नाही. गळा बिया मोजतो, सुपाऱ्या मोजत नाही. त्याला बांगड्यातलं आणि पेल्यातलं सारखंच."

मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. गळ्याला जेवढी अक्कल, तेवढी माझ्या शेजाऱ्यांना असती तर बरं झालं असतं. नाव तेच, घर तेच, बिया सगळ्या जागच्या जागी. त्यांनी मात्र चार सुपाऱ्या तेवढ्या मोजल्या होत्या.

"आणि किरण टाकल्यार मग त्याचा काय होता?"

सत्यवानानं ढिगातली एक सुपारी उचलली आणि तिच्या जागी एक बी ठेवली. "एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. त्रेपन्नाच्या चोपन्न बिया झाल्या. नाव बदललं. आता ते आयोडीन राहिलं नाही, झेनॉन झालं. तो एक वायू. शांत. त्याला कसलीच ओढ नाही. कुठल्याच पदार्थात तो मिसळत नाही. इतर अणू जोड्या जमवतात, घरं करतात. हा आपला एकटाच फिरतो, श्वासावाटे निघून जातो."

तो हे शिकवण्याच्या भरात बोलला. मग माझ्याकडे बघून सुपातल्या बिया वेगळ्या, सुपाऱ्या वेगळ्या करायला लागला. मी म्हटलं, "ऱ्हवांदे, भावजी. मी निवडतंय." तेवढंच हाताला काम.

त्या संध्याकाळी पडवीत बसून मी बिया निवडत होते आणि मनात तेच फिरत होतं. माझ्या गळ्यातला जो जो कण शांत झाला, तो तो असा कुणात न मिसळणारा झाला. आणि मीही आता शांत झाले होते. राग नव्हता, धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते. डॉक्टरच्या हिशोबानं मी बरी झाले होते. मला भीती वाटली ती ह्याची, की असंच बरं होत होत एक दिवस मला कुणाची ओढच वाटायची नाही. त्या भीतीनं मी बोक्याला उचलून छातीशी धरला. तो बोचकारून पळाला.

चैत्र आला. आमच्या वाडीत चैत्रात पापड होतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, सगळ्या बायका मिळून लाटतात. माझी पाळी आली त्या दिवशी मी पहाटेच पीठ मळून, कुटून, लाट्या करून ठेवल्या. आठ पाट मांडले. कुणी येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मांडले. दुपारपर्यंत एकटीनं लाटत होते. पापड वाळत घातले, त्यावर कावळा आला, मी उडवला. संध्याकाळी सात पाट धुवायची गरज नव्हती, पण मी धुतले.

जानकीला सातवा लागला होता. पाऊस सुरू झाला की धामापूरच्या वाटेवरचे ओहोळ भरतात, गरोदर बाईला आणता येत नाही. आणायची तर आत्ताच.

त्याच सुमारास किनाऱ्यावरची काळी वाळू तपासायला सरकारी जीप आली. त्यात विदर्भाकडचा एक तरुण साहेब आणि त्याच्यापाशी एक पेटी. पेटीला दोरी, दोरीला नळी. नळी वाळूजवळ नेली की पेटी कट कट वाजायची. सत्यवान त्या साहेबामागं चार दिवस सावलीसारखा फिरला, आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे आला तो डोळे चमकवतच.

"वयनी, गायगर काउंटर! किरण आसले तर तो वाजता. तुमच्या गळ्याजवळ धरूया. हौसाबाईसमोर. पाच म्हयने झाले, तुमच्यात आता काय्येक उरूक नाय. तिका कानान आयकांदे."

मला बरं वाटलं नाही. पण दुसरा उपायही दिसत नव्हता. बाजाराच्या दिवशी सत्यवान हौसाबाईला घेऊन आला. ती अंगणात, तुळशीपलीकडे उभी राहिली. गडग्यावर सीता आणि आणखी दोघीचौघी. मी पायरीवर बसले, मान वर करून, न्हाव्यापुढं पुरुष बसतात तशी. साहेबानं नळी माझ्या गळ्याजवळ आणली.

कट. मग जरा थांबून, कट कट. मग पुन्हा कट.

गडग्यावरच्या बायका मागं सरल्याचा पाचोळ्यावरून आवाज आला. हौसाबाई हळूच म्हणाली, "आसा मगे." मी डोळे मिटले. संपलं, असंच वाटलं. जानकी येत नाही.

साहेब मात्र गोंधळला. "अहो, घाबरू नका, हे तर नेहमीचं! हे सगळीकडेच वाजतं." त्यानं नळी पायरीच्या जांभ्याजवळ नेली. कट, कट कट. तुळशीजवळ नेली. कट. आभाळाकडं धरली, तरी कट. "दगडातून येतं, मातीतून येतं, आकाशातून येतं. थोडं थोडं कायमचंच. हे बघा, काकी." आणि काय होतंय ते कुणाला कळायच्या आत त्यानं नळी हौसाबाईच्या छातीजवळ धरली.

कट कट. कट.

हौसाबाईचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. "माका खंयसून इला?"

"सगळ्यांच्यातच असतं, काकी," साहेब हसत म्हणाला. त्याला वाटलं, आपण धीर देतोय. "आपण नारळ खातो, केळी खातो, त्यातल्या पोटॅशियममध्येसुद्धा एक जात अशीच असते. तुमच्या हाडामांसात ती जन्मापासून आहे. फक्त फार थोडी, ह्या पेटीलासुद्धा वेगळी ऐकू न येण्याइतकी."

तिनं यातलं एवढंच ऐकलं, की ते तिच्या हाडामांसात आहे. ती मागं सरली, पुढं आली, कुठं जावं ते तिला कळेना. गडग्यावरच्या बायका तिच्यापासूनही लांब झाल्या होत्या. तशी ती सरळ पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट, बोटांत बोटं घालून.

पाच महिन्यांत मला कुणी शिवलं नव्हतं. माणसाचा हात गरम असतो, हे मी विसरून गेले होते.

"यशोदे," ती म्हणाली, "तुका म्हायत आसा. ह्या फिटतला कधी गो?"

सत्यवानानं घसा खाकरला. तो आता खरं सांगणार होता. तिच्यातली ती जात निम्मी व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, असलं काहीतरी असणार ते, पुढं त्यानं मला सांगितलंच. मी त्याच्याकडे असं बघितलं, की गाठीच्या दिवसांतला माझा सगळा राग त्या एका नजरेत गोळा झाला असेल. तो गप्प बसला.

माझ्यापुढं दोन उत्तरं होती. तिनं मला दिलं होतं तेच तिला परत द्यायचं. कधीच नाही. खोटंही ठरलं नसतं. पण तिची बोटं माझ्या बोटांत होती आणि मला कुणी दिला नव्हता तो दिवस माझ्यापाशी होता.

"पंधरा दिस," मी म्हटलं. "ताटली येगळी, आतरूण येगळा. सोळाव्या दिसाक डोक्यावरसून न्हावचा. फिटता."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मोठा श्वास सोडला. मग हिशोब करायला लागली, बाईच तशी. "मगे मी घराक कशी जाव? थंय जानकी आसा." थोडा विचार करून म्हणाली, "तुझा माझा एकच. सुतकातल्यांनी एकमेकाक शिवलेला चलता. मी हयसरच रवतंय. जानकीक माजी धाकटी जाव बघात."

आणि ती राहिली. सत्यवान धामापूरला निरोप घेऊन गेला. तोंड उघडायचं नाही, एवढं मी त्याला दोनदा बजावलं.

पहिल्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि ओरडली, "मीठ खंय ठेवतंस गो?" मी पडवीत होते. माझ्या घरातून माझ्याव्यतिरिक्त कुणाचा तरी आवाज आला, म्हणून मी लगेच उत्तरच देऊ शकले नाही. तिला वाटलं मी ऐकलं नाही. ती आणखी मोठ्यानं ओरडली.

आम्ही जेवलो एका पंक्तीला. कोकमाच्या आगळाची सोलकढी माझी तिला पसंत पडली नाही, तिची मला. पापडाचं पीठ उरलं होतं, त्याचे पापड दोघींनी लाटले. ती घोरायची. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, मी झोपेत बोलते. काय बोलते ते मात्र तिनं सांगितलं नाही. भांडलोसुद्धा एकदा, कोकम कसं वाळवावं ह्यावरून, आणि भांडता भांडता मला जाणवलं की मी कुणाशी तरी भांडते आहे. केवढं सुख होतं ते!

सोळाव्या दिवशी ती डोक्यावरून न्हाली. पडवी मी सारवायला घेतली तर शेणाचा गोळा माझ्या हातातून घेऊन तिनं अर्धी स्वतः सारवली. दुपारच्या गाडीनं जायला निघाली. पायरीवर वहाणा चढवताना म्हणाली, "जानकीक परवा घेवन येतंय. पाळणो काढून धुवन ठेव."

मी मान हलवली.

चार पावलं गेली आणि परत आली. इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "यशोदे, माका दुसऱ्याच दिसाक समाजला."

"काय ता?"

"त्या पोराचो डबो दगडाकडे वाजलो, तुळशीकडे वाजलो. तुळस कधी इटाळता? माका काय्येक झालेला नव्हता. आणि तुकाय नव्हता."

"मगे पंधरा दिस कित्याक बसलात, हौसाबाय? घरदार टाकून?"

तिनं पदर नीट केला.

"तुका पाच म्हयने एकटा बसयला मी," ती म्हणाली. "माका पंधरा दिस तरी बसान बघूक नको?"

आणि माझ्या गालावरून हात फिरवून ती गाडीला गेली. मी पायरीवर बसून पोटभर रडले. गडग्यापलीकडून सत्यवान विचारत होता, वयनी, काय झालं, काय झालं. मी त्याला काही सांगितलं नाही. मग उठून माळ्यावरचा पाळणा खाली काढला आणि धुवायला विहिरीवर नेला. सीता पाणी काढत होती. मी शेंदून माझी कळशी भरली, बाजूला ठेवली आणि सीता आता आपली पुढची कळशी ओतून देते का म्हणून बघत उभी राहिले. सीतेनं पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझी कळशी उचलून पाळण्यावर पाणी घालायला लागली.